डार्करूममधले मामा

प्रथिनं मोजायला मला शिकवलं, ते प्रथिनांशी काडीचा संबंध नसलेल्या एका गृहस्थांनी. पुण्यातल्या ज्या संशोधन संस्थेत मी पीएच.डी. केली तिथली डार्करूम ते सांभाळत. सगळे त्यांना मामा म्हणत, संचालकसुद्धा. त्याआधी बरीच वर्षं ते एका इस्पितळात एक्स-रे काढत होते. रेडिओग्राफीचा डिप्लोमा केलेला. आमच्या पेशी, आमची जनुकं यांत त्यांना रस नव्हता. फिल्म किती काळी झाली आणि का झाली, एवढंच ते बघत.

हा प्रकार ठाऊक नसलेल्यांसाठी थोडक्यात सांगते. पेशी फोडून त्यांतली प्रथिनं जेलमध्ये विजेच्या जोरावर आकारानुसार वेगळी करायची आणि तिथून कागदासारख्या पातळ मेम्ब्रेनवर उतरवून घ्यायची. १९७९ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बाझलच्या हॅरी टोबिन आणि सहकाऱ्यांनी ही रीत प्रसिद्ध केली. पुढे तिला वेस्टर्न ब्लॉट म्हणू लागले. मग हव्या त्या प्रथिनालाच जाऊन चिकटणारी अँटिबॉडी घालायची, तिच्यावर एन्झाइम जोडलेली दुसरी. या एन्झाइमला ल्युमिनॉल आणि हायड्रोजन पेरॉक्साइड मिळालं की निळसर उजेड पडतो, डोळ्यांना दिसेल न दिसेल इतका. तो टिपायला एक्स-रेची फिल्म. प्रथिन जास्त तर उजेड जास्त, उजेड जास्त तर फिल्मवर उठणारा पट्टा, म्हणजे बँड, काळा. निदान आम्ही विद्यार्थी तसं धरून चालत होतो.

मामा तसं धरून चालत नव्हते. मी नवीन असताना त्यांनी विचारलं, “ताई, एकच फिल्म लावणार?” मी हो म्हटलं. “मग कशाला लावताय?” म्हणाले.

त्यांचा नियम असा, की एका ब्लॉटच्या निदान तीन फिल्म निघाल्या पाहिजेत: दहा-वीस सेकंदांची एक, एक-दोन मिनिटांची एक, आणि भरपूर वेळ ठेवलेली एक. फिल्म महाग, म्हणून ते लाल दिव्याखाली एका फिल्मचे तुकडे करून देत. प्रत्येक तुकड्याचा उजवीकडचा वरचा कोपरा कात्रीनं छाटलेला, म्हणजे धुतल्यावर उलटसुलट व्हायला नको. फिल्म वाळली की ती मेम्ब्रेनवर ठेवून, आकार ओळखायला लावलेल्या मार्कर प्रथिनांच्या रेघा पेननं उतरवायच्या, आणि कोपऱ्यात तारीख आणि वेळ. वेळ म्हणजे एक्सपोजरची. ती नसेल तर फिल्म ते हातात घेत नसत.

तीन का, ते त्यांनी मला डिप्लोमाच्या जुन्या वहीतल्या एका आकृतीवरून समजावलं. हर्टर आणि ड्रिफील्ड या दोघांनी १८९० मध्ये इंग्लंडमधून प्रसिद्ध केलेली ती वक्ररेषा: आडवी रेघ म्हणजे उजेड, उभी म्हणजे काळेपणा. ती सरळ चढत नाही. सुरुवातीला जमिनीला चिकटून सरपटते, मध्ये चढते, वर गेली की आडवी होते. मधल्या चढावर जे पडेल तेवढ्यावरच विश्वास ठेवायचा. वरच्या सपाटीवर फिल्ममधले चांदीचे सगळे कण आधीच कामी आलेले असतात. प्रथिन दुप्पट असो की चौपट, काळं ते काळंच. हे मलाही कळत होतं. खालचं टोक मात्र मला कुणी कधी सांगितलं नव्हतं.

सिल्व्हर ब्रोमाइडच्या स्फटिकाला एक प्रकाशकण पुरत नाही. थोड्या वेळात चार-पाच लागतात, तेव्हा कुठे चांदीच्या अणूंचा ठसा टिकतो. एकच अणू तयार झाला आणि दुसरा प्रकाशकण वेळेत आला नाही, तर तो मोडून जातो. “भोकाच्या बादलीत थेंब थेंब पाणी सोडलं तर ती भरते का?” मामांनी विचारलं होतं. त्यामुळे फिकट बँड असतो त्याहून फिकट दिसतो, कधी दिसतच नाही. म्हणजे एकाच फिल्मवर वरच्या टोकाला फरक लपतो आणि खालच्या टोकाला तो फुगतो. औषध दिलेल्या पेशींत प्रथिन “नाहीसं झालं” असं आम्ही किती सहज म्हणत होतो! केंब्रिजच्या लास्की आणि मिल्स यांनी १९७५ मध्ये यावर उपाय दाखवला होता: फिल्म लावण्याआधी तिच्यावर मोजून मारलेला एक क्षणभराचा फ्लॅश, म्हणजे स्फटिक उंबरठ्यापर्यंत आलेले असतात. मामांनी तो शोधनिबंध वाचला नव्हता, पण फ्लॅशगनवर नारिंगी फिल्टर बांधून ते हे करत. कुणीतरी शास्त्रज्ञ पूर्वी शिकवून गेला होता म्हणे.

त्यांच्या सांगण्यावरून मी एकाच नमुन्याची प्रथिनं दुपटीदुपटीनं वाढवत शेजारी शेजारी लावली, दोन मायक्रोग्रॅमपासून बत्तीसपर्यंत. फिल्मवर दोनचा पत्ता नाही, चार पुसट, आठ ठसठशीत, आणि सोळा-बत्तीस जुळ्या भावांसारखे. तीन एक्सपोजर शेजारी ठेवल्यावर कुठल्या फिल्मवर काय खरं मानायचं ते उमगलं. माझ्या मते ब्लॉट करणाऱ्या प्रत्येकानं आयुष्यात एकदा तरी हे करून पाहावं. कुणी करत नाही.

बाकी त्यांचं शहाणपण ऋतुमानाप्रमाणे चाले. मे महिन्यात नळाचं पाणी तापलेलं, डेव्हलपर गरम झाला की सगळी फिल्म धुरकट होते, म्हणून ट्रे बर्फाच्या पाण्यात. हिवाळ्यात हवा कोरडी. फिल्म पाकिटातून झर्रकन ओढली की स्थिर विजेची ठिणगी पडून तिच्यावर झाडाच्या फांद्यांसारखी नक्षी उठते, म्हणून सावकाश. किरणोत्सारी फॉस्फरसचे ब्लॉट असले की कॅसेट उणे सत्तरच्या फ्रीझरमध्ये, कारण थंडीत चांदीचा तो एकटा अणू जरा जास्त तग धरतो. एका हुशार मुलानं ल्युमिनॉलचा ब्लॉटही तिथेच नेऊन ठेवला. गारठ्यात एन्झाइमच थांबलं, फिल्म कोरी. मामा चार दिवस हसत होते.

पुढे कॅमेरा आला. थंड केलेला सीसीडी, शून्याखाली वीस-पंचवीस अंश. या चिपची मूळ कल्पना बेल लॅब्जमध्ये बॉइल आणि स्मिथ यांना १९६९ मध्ये सुचली, आणि २००९ मध्ये त्यांना त्यासाठी नोबेल मिळालं. तिच्यावर पडलेला उजेड आणि तिनं दिलेला आकडा यांचं नातं सरळ रेषेचं, खालपासून जवळजवळ वरपर्यंत. सोळा बिटांची प्रतिमा म्हणजे करड्या रंगाच्या ६५,५३६ पायऱ्या. दोन ते बत्तीस मायक्रोग्रॅमची तीच पट्टी मी त्यावर लावली आणि आलेख पट्टीनं ओढल्यासारखा सरळ आला. मोजायचं असेल तर कॅमेरा. यात आता वाद नाही, आणि तो घ्यावा म्हणून अर्ज करणाऱ्यांत मीही होते. फिल्म मेम्ब्रेनला अंगाशी भिडलेली असते, कॅमेऱ्याचं भिंग मात्र वीतभर दूर, त्यामुळे बराच उजेड वाटेत वाया जातो. सुरुवातीच्या यंत्रांना पुसट बँडसाठी ताटकळावं लागे, आणि पिक्सेल एकत्र करून वेळ वाचवावा तर कडा बोथट होत. शेजारशेजारचे दोन बँड वेगळे दाखवण्यात फिल्मचा हात धरणारं तेव्हा आमच्याकडे काही नव्हतं.

मामांना कॅमेऱ्याचा राग आला असेल असं आम्हाला वाटलं होतं. ते उलट खूष झाले. जिथे उजेड मापाबाहेर गेला तिथे पडदा लाल दाखवतो, हे त्यांना फार आवडलं. “इथे पुरे, असं हे स्वतःच सांगतं,” म्हणाले. मग मी त्यांना कॉन्ट्रास्टची पट्टी सरकवून दाखवली. पार्श्वभूमीचा करडेपणा विरत गेला आणि ब्लॉट पांढराशुभ्र झाला. ते वाकून बघत राहिले. “बरंय, ताई. मळ दिसेनासा करता येतो.”

ते वाक्य मला २०१६ मध्ये आठवलं. एलिझाबेथ बिक आणि दोन सहकाऱ्यांनी तेव्हा २०,६२१ शोधनिबंधांतल्या प्रतिमा डोळ्यांनी तपासून काढल्या होत्या, त्यात बहुतेक ब्लॉटच. ३.८ टक्के निबंधांत प्रतिमा दुबार वापरलेल्या किंवा फिरवून, जोडून बसवलेल्या निघाल्या. फिल्मच्या काळातले निबंधही त्यात होते. स्कॅन केलेल्या फिल्मवरही कात्री चालतेच. म्हणून फिल्म सोज्वळ आणि कॅमेरा लबाड असं मी म्हणणार नाही. कॅमेऱ्याची मूळ फाइल जपली तर ती फिल्मपेक्षा जास्त काही सांगते. मी विद्यार्थ्यांकडून ती आधी मागते, सजवलेली आकृती नंतर.

प्रबंधाच्या ऋणनिर्देशात मामांचं नाव मार्गदर्शकांच्या खालोखाल आहे. ते पान दाखवलं तेव्हा त्यांनी चष्मा लावून वाचलं, मग पानं उलटत आकृत्यांवर गेले आणि “छपाईत काळं जरा जास्त उतरलंय” एवढंच म्हणाले. बरोबर होतं.

वापरलेल्या फिक्सरमध्ये आणि जुन्या फिल्ममध्ये चांदी असते, म्हणून भंगारवाले त्या आवडीनं नेतात. तुमच्या प्रयोगशाळेच्या माळ्यावर अशा फिल्मची खोकी असतील तर ती विकण्याआधी स्कॅन करून ठेवा, आणि कोपऱ्यातली एक्सपोजरची वेळ स्कॅनमधून कापू नका.