चिकूची वाइन, मोहाचे मडके

वाइन म्हटली की लोकांना नाशिक आठवते. म्हणजे गंगापूर धरणाचा परिसर आणि दिंडोरीचे द्राक्षमळे. मी त्याच जिल्ह्यातला, कळवणचा. तरी वाइन तयार होते ती जागा मी प्रथम पाहिली ती समुद्रकाठी, पालघर जिल्ह्यातील बोर्डी येथे. इथली वाइन चिकूची. डहाणू-घोलवडच्या चिकूला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. त्याच फळापासून ‘हिल झिल वाइन्स’ हलकी, फसफसती वाइन करते.

पेला हाती आला आणि आजोबा आठवले. मोहाच्या दारूच्या एका मडक्यापायी त्यांना एक रात्र चौकीत काढावी लागली होती. गावात ती हकीकत हसत सांगितली जाई. आजोबा मात्र तेवढ्यापुरते उठून बाहेर जात.

ज्या कायद्याने हे घडले, त्याची झळ या किनाऱ्याला फार आधी लागली होती. १८७८च्या मुंबई अबकारी कायद्याने दारू गाळण्याचा व विकण्याचा हक्क परवानाधारकांच्या हाती गेला. तरी लोक घरी मोह गाळतच राहिले. तेव्हा १८९२ साली खास मोहाच्या फुलांसाठी कायदा झाला आणि ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत फुले बाळगण्यावर, नेण्या-आणण्यावर निर्बंध आले. डहाणू तेव्हा ठाणे जिल्ह्यातच होते. निर्बंध दारूवर नव्हे, फुलांवर, हे ध्यानात घ्यावे. टंचाईच्या दिवसांत हीच फुले शिजवून आदिवासी कुटुंबे पोट भरीत.

चिकूची वाइन आंबवलेली, मोहाची दारू गाळलेली; दोन्ही एकच, असे मी म्हणणार नाही. परंतु सरकारचा रोख केवळ नशेवर असता तर त्याने दुकाने उघडू दिली नसती. स्वतःच्या झाडाचे पेय सोडून दुकानातले विकत घ्या, एवढाच त्या धोरणाचा व्यवहार होता, आणि त्यातून तिजोरीत महसूल येत होता.

त्याला मिळालेले उत्तर विलक्षण होते. १९२२ साली पालघरच्या कोळ्यांमध्ये देवीची चळवळ उगवली. अंगात आलेल्यांच्या मुखातून आज्ञा होई : दारू सोडा, ताडी सोडा. ही लाट सह्याद्री चढून आमच्या शेजारच्या सुरगाण्यात आली आणि पुढे डांगमार्गे सुरत जिल्ह्यात पोहोचली. तिथे दारू विकणाऱ्यांवर लोकांनी बहिष्कार घातला. डेव्हिड हार्डिमन यांनी या चळवळीवर ग्रंथच लिहिला आहे. सुधारकांनी शिकवले म्हणून नव्हे, तर आदिवासींनी स्वतः उभे केलेले आंदोलन म्हणून ते तिच्याकडे पाहतात. मला ते पटते.

परतताना आजीसाठी एक बाटली घेतली. तिने वास घेतला, लेबलावरून बोट फिरवले आणि विचारले, “ह्याला पकडत नाहीत का रे?”

“नाही आजी, परवाना असतो.”

“कोणाला?”

मी सांगू लागलो, तोवर ती बाटली घेऊन उठली होती. सवयीनेच तिने ती कणगीमागे ठेवली.