भिंतीवरचं ग्रहण



पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था सुरू झाली २२ ऑगस्ट १९४४ ला. म्हणजे २०२४ मध्ये तिनं ऐंशी वर्षं पूर्ण केली. हौशी आकाशनिरीक्षकांच्या देशातल्या सगळ्यात जुन्या संस्थांपैकी ही एक. "संस्था पुण्याची, तुम्हा बेळगावकरांना तिचं काय?" असं कुणी विचारलं, तर माझ्याकडे उत्तर आहे.

एक तर ही हौस आपल्या भागातही जुनीच. नरगुंदला जन्मलेले व्यंकटेश बापूजी केतकर विजापुरात राहून आकाशाचं गणित मांडायचे. नेपच्यूनच्या पलीकडे एक ग्रह असावा आणि त्याची सूर्याभोवतीची फेरी सुमारे २४२ वर्षांची असावी, असं त्यांनी १९११ मध्ये एका फ्रेंच पत्रिकेत छापलं. १९३० मध्ये प्लूटो सापडला, त्याची फेरी निघाली २४८ वर्षांची. योगायोग म्हणा हवं तर, पण केवढी ही चिकाटी!

दुसरं कारण घरचं आहे. १६ फेब्रुवारी १९८० चं खग्रास सूर्यग्रहण कारवार-हुबळीवरून गेलं. बेळगावातही सूर्य बराच झाकला होता. आमच्याकडे मात्र दारं-खिडक्या बंद, आणि आज्जीनं पाण्यावर, लोणच्यावर तुळशीची पानं ठेवलेली. बाहेर काय झालं ते आम्हा पोरांना दुसऱ्या दिवशी पेपरात वाचून कळलं.

पुढं शिकायला पुण्याला गेलो आणि टिळक स्मारक मंदिराच्या गच्चीवर परिसंस्थेच्या दुर्बिणीतून शनीची कडी बघितली. माझ्या लक्षात राहिला तो दुर्बिणीपाशी उभा असलेला माणूस. पृथ्वी फिरते, त्यामुळे शनी बघता बघता दुर्बिणीच्या बाहेर सरकतो. दिवसभर नोकरी करून आलेला तो गृहस्थ दर दोन मिनिटांनी नळी हळूच सरकवायचा आणि रांगेतल्या पुढच्याला बोलवायचा. स्वतः बघायचा सगळ्यात शेवटी.

२४ ऑक्टोबर १९९५ ला दिवाळीतच ग्रहण आलं. मी घरी होतो. वहिनीला सातवा महिना, तिला तर खिडकीही वर्ज्य. आज्जीशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. पुण्यात शिकलेली युक्ती केली. खिशातल्या आरशावर हरभऱ्याएवढं भोक पाडलेला कागद चिकटवला, आरसा व्हरांड्यातल्या उन्हात ठेवला आणि दाराच्या फटीतून कवडसा आतल्या अंधाऱ्या भिंतीवर पाडला. लिंबाएवढा सूर्य, एका बाजूनं कुरतडलेला!

आज्जी जपमाळ थांबवून बघत राहिली. म्हणाली, "कुणीतरी भाकरी चावल्यागत दिसतंय की रे!" मग तिनंच वहिनीला हाक मारली, "ये गं, हितं बसून बघायला काय होतंय?"

सूर्य सरकत होता, कवडसा भिंतीवरून निसटत होता. मी व्हरांड्यात बसून आरसा थोडा थोडा फिरवत राहिलो. आत काय चाललंय ते मला फक्त ऐकू येत होतं. गच्चीवरच्या त्या माणसाला काय मिळत असेल ते तेव्हा कळलं. परिसंस्था ऐंशी वर्षं टिकली ती अशाच माणसांच्या जिवावर, असं मला वाटतं.

२ ऑगस्ट २०२७ ला आपल्याकडून दुपारनंतर खंडग्रास सूर्यग्रहण दिसणार आहे. पाऊस उघडला तर घरातल्या म्हाताऱ्या माणसांना भिंतीवर नक्की दाखवा. आरशात मात्र कुणी बघायचं नाही हं, फक्त भिंतीकडे!