टोपी काढली म्हणून डोकं थंड होत नाही

शिरगावला आमच्या घरी बाबांची बजाज चेतक अजून रोजच्या वापरात आहे. गेल्या वर्षी डिचोलीच्या बाजाराला जाताना ती भर चढणीवर जॅम झाली. त्याआधीच्या कामात मेकॅनिकने इंजिनावरची पत्र्याची टोपी काढून ठेवली होती. ‘मोकळ्या हवेत इंजिन जास्त थंड राहतं,’ असं त्याचं म्हणणं. घरात सगळ्यांचं एकच मत पडलं, स्कूटर विकून टाका. बाबा काही बोलले नाहीत, पण दोन दिवस नीट जेवलेही नाहीत.

मी पेशाने सॉफ्टवेअरवाला, पण बी.ई.चं थोडं उरलंय. चवथीच्या सुट्टीत वाचायला बसलो.

मोटरसायकलचं इंजिन वाऱ्यात उघडं असतं. चेतकचं मात्र उजव्या पॅनलच्या आत, आडोशाला. म्हणून तिच्या फ्लायव्हीललाच पंख्याची पाती असतात. पंखा हवा ओढतो आणि ती टोपी म्हणजे श्राउड ती हवा सिलिंडरच्या फिन्समधून जायला भाग पाडते. टोपी नसेल तर हवा सोपी वाट धरते, फिन्सना वळसा घालून निघून जाते. पाटाचा बांध फोडल्यावर पाणी माडाच्या मुळाशी पोचत नाही, तसंच.

मोठ्या गाड्यांतही हेच गणित. फोक्सवॅगन बीटलमध्ये पट्ट्यावर फिरणारा पंखा एका उभ्या पत्र्याच्या पेटीत असे आणि तिथून हवा चारही सिलिंडरवर उतरे. पण ऑइल कूलरही त्याच पेटीत उभा असल्याने त्याच्यामागच्या तिसऱ्या सिलिंडरला कमी आणि तापलेली हवा मिळायची. 1970 च्या सुमारास कूलर बाजूला सरकवून त्याला वेगळी वाट दिली, तेव्हा तो त्रास कमी झाला. महत्त्वाचा बदल होता तो हवेच्या वाटेतला. पोर्शे 911 मध्ये टेबलफॅनसारखा मोठा पंखा आणि त्यापुढे सहा सिलिंडरवर हवा वाटणारं आवरण. 1998 पर्यंत ती गाडी हवेवरच थंड होत राहिली.

चेतकच्या साध्या रचनेचा एक गुण मला फार आवडला. पंखा इंजिनाच्या वेगाने फिरतो, गाडीच्या नव्हे. लईराईच्या जत्रेच्या गर्दीत पहिल्या गिअरमध्ये रांगतानाही तिला वारा मिळतो. अट एकच, टोपी जागेवर हवी आणि फिन्समध्ये आमच्याकडची तांबडी धूळ साचलेली नको.

टोपी त्याच गॅरेजच्या भंगारात सापडली. सिलिंडर बोअर करून नवा पिस्टन घातला, फिन्स ब्रशने साफ केल्या. मग फिन्सजवळ सुतळीचा तुकडा धरला. टोपीशिवाय तो जेमतेम हलायचा, टोपी बसवल्यावर फडफडायला लागला. विकण्याचा विषय तिथेच संपला. मेकॅनिकनेही ते पाहिलं आणि आता तो कुणाची टोपी काढून ठेवत नाही.

तुमच्याही घरी आजोबांची एखादी स्कूटर कोपऱ्यात उभी असेल. विकण्याआधी एकदा पॅनल उघडून पाहा, टोपी आहे ना?