नांगराच्या रेघा

गेल्या वर्षी दिवाळीत साताऱ्यास माहेरी गेलो असता, अभ्यंगाचे तेल चोळता चोळता आईचा हात आमच्या खांद्यावर थांबला. “हे चर कसले गं?” तिने विचारले. आम्ही विषय बदलला.

ते चर अंतर्वस्त्राच्या पट्ट्यांचे होते. भारी स्तनांचे ओझे आम्ही पंधराव्या वर्षापासून वाहत होतो. द्वारकेहून केंद्रीय सचिवालयापर्यंत मेट्रोत उभे राहिलो की मान भरून येई. उन्हाळ्यात स्तनांखालची कातडी चिघळे. अखेर माघात शस्त्रक्रिया करून घेण्याचे ठरले.

आईला दूरध्वनीवर सांगितले, तेव्हा तिचा प्रश्न एकच : “वण राहतील ना?”

राहणारच होते. शल्यविशारद बाईंनी आदल्या दिवशी शाईने आमच्या अंगावर रेघा आखल्या. एक स्तनाग्राभोवती वर्तुळाकार, दुसरी तेथून सरळ खाली, तिसरी स्तनाखालच्या घडीतून आडवी. थोडेच काढावयाचे असते, तर पहिल्या दोहोंवर भागते. अमेरिकेतील डॉ. रॉबर्ट वाइज यांनी १९५६ साली अंतर्वस्त्राच्या बेतण्यावरून या आखणीचा नमुना बसविला. तिच्या आकाराला इंग्रजीत जहाजाचा नांगर म्हणतात. आम्हा शेतकऱ्यांच्या लेकींना नांगर म्हटले की दुसराच आठवतो.

स्तनाग्र मात्र सहसा तोडून काढीत नाहीत. जिवंत देठावर ठेवून ते वर सरकवितात, म्हणजे रक्त वाहते राहते. ही युक्ती आपल्याकडे जुनी आहे. टिपूच्या कैदेत नाक गमावलेल्या कावसजी नामक गाडीवानाला पुण्याजवळच्या एका कारागिराने कपाळाच्या कातडीचे नाक असेच देठासह वळवून बसविले. १७९४ साली लंडनच्या ‘जेंटलमन्स मॅगझिन’ने ते छापले. नाक आले, कपाळावर वण राहिला.

संमतिपत्र पुढे आले. कागदांवर सह्या करणे हा आमचा रोजचा व्यवसाय. तरी हात थबकला. त्यात लिहिले होते की वण कायमचे राहतील, संवेदना कमी होऊ शकेल, पुढे अंगावर पाजता येईलच असे नाही. मग आम्ही सही केली.

उभी आणि आडवी रेघ मिळते त्या तिठ्यावर जखम तीन आठवडे उघडी राहिली. तेथे ताण अधिक, रक्त कमी. पुढे ती भरली. वण लाल होऊन वर्षा-दीड वर्षात फिकटतो. तरी त्या कातडीला पूर्वीची सगळी ताकद येत नाही, फार तर ऐंशी टक्के येते.

यंदा दिवाळीत आईने पुन्हा तेल लावले. नऊ महिन्यांच्या त्या काळपट-तांबूस रेघा तिने निरखून पाहिल्या, आणि काही बोलली नाही. मग खांद्यावर बोट ठेवून म्हणाली, “हे मात्र अजून भरले नाहीत.”

आणि त्या चरांवरच ती बराच वेळ तेल जिरवीत बसली.