बूट न घेता गेलेला बोलर

६ जून २०२४. गुरुवारची रात्र. दुसऱ्या दिवशी सकाळी क्लायंटसमोर डेमो, आणि मी बोरिवलीच्या घरात टीव्हीचा आवाज बंद करून अमेरिका विरुद्ध पाकिस्तान बघतोय. दोन्ही संघ १५९वर अडकले. सुपर ओव्हर. अमेरिकेच्या १८ झाल्या आणि त्या वाचवायला चेंडू कुणाच्या हातात? सौरभ नेत्रावळकर. डावखुरा मध्यमगती बोलर, पेशाने सॉफ्टवेअर इंजिनिअर, शिक्षण अंधेरीच्या सरदार पटेल इन्स्टिट्यूटमध्ये! त्याने १३च दिल्या. मी असा काही ओरडलो की बायको दचकून उठली.

सकाळी ऑफिसात तेच. ‘आता सोमवारी हा स्टँडअपला काय अपडेट देणार?’ वगैरे. मॅचनंतर हॉटेलवर लॅपटॉप उघडून काम करतो असं त्याच्या बहिणीनेच सांगितल्यावर तर आमच्या मॅनेजरचे डोळे लकाकले. (अशा गोष्टी मॅनेजर लोकांच्या कानावर पडू नयेत.)

पण मला हसू आलं नाही, कारण नऊ वाजता बाबांचा मुलुंडहून मेसेज आला होता. नेत्रावळकरचा फोटो आणि खाली एक ओळ : ‘बघ, नोकरी सांभाळूनही खेळता येतं.’

आता हे बाबा कोण? तर मी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला असताना मॅथ्समध्ये केटी लागली तेव्हा ज्यांनी माझी किटबॅग माळ्यावर टाकली, ते. ‘एक काहीतरी ठरव’ म्हणाले होते. त्याआधी दोन वर्षं ती बॅग घेऊन मी लोकलच्या मालडब्यातून फिरलो होतो. मेसेज वाचून डोकं असं फिरलं की काय सांगू.

मग मी त्याची सगळी कहाणी शोधून वाचली. २०१० सालच्या न्यूझीलंडमधल्या अंडर-१९ वर्ल्ड कपला हा भारताकडून खेळला होता. के. एल. राहुल, मयंक अगरवाल, जयदेव उनाडकट अशी टीम, आणि तिच्यात सर्वाधिक विकेट्स याच्या. क्वार्टरफायनलला पाकिस्तानने हरवलं, त्या संघात बाबर आझम होता. चौदा वर्षांनी डॅलसमध्ये हिशेब चुकता झाला तो असा. मधे काय झालं? मुंबईकडून रणजीची मॅच मिळाली एकच, २०१३ साली. ज्या संघाच्या नावावर तेव्हा चाळीस रणजी करंडक होते, त्यात जागा मिळणं म्हणजे सकाळच्या विरार फास्टमध्ये विंडो सीट मिळण्यासारखंच. २०१५ साली तो कॉर्नेलला मास्टर्स करायला निघून गेला. क्रिकेटचे बूटसुद्धा नेले नव्हते म्हणतात. पुढे ओरॅकलमध्ये नोकरी, आणि वीकेंडला सॅन फ्रान्सिस्कोहून लॉस एंजेलिसपर्यंत गाडी हाकत क्लब मॅचेस.

गंमत म्हणजे अमेरिकेतली मुलं हाच प्रवास उलटा करतात. कॉलेजात बास्केटबॉल गाजवतात, पण एनबीएच्या ड्राफ्टमध्ये दरवर्षी साठच्या आसपासच नावं घेतली जातात. मग बाकीच्यांपैकी कित्येकजण इटली, स्पेन, ग्रीस, तुर्कस्तानातल्या लीग गाठतात. बिल ब्रॅडली तर त्याहून भारी. प्रिन्स्टनचा हिरो, एनबीएचं दार उघडं असूनही ऑक्सफर्डला शिकायला गेला आणि तिथून मिलानच्या संघाकडून खेळत १९६६ साली युरोपियन कप जिंकून आला. नंतर न्यूयॉर्क निक्सकडून खेळला, मग सिनेटर झाला. पण तो परतू शकला. आपल्याकडे एकदा गाडी सुटली की सुटली.

१२ जूनला न्यूयॉर्कमध्ये भारत-अमेरिका. तेव्हा मात्र मी मुद्दाम मुलुंडला गेलो. कोहली पहिल्याच चेंडूवर आउट. मग रोहित, झेल हरमीत सिंग, गोलंदाज नेत्रावळकर. रोहित आणि हरमीत, दोघेही बोरिवलीच्या शाळेत दिनेश लाड सरांकडे घडलेले! बाबा म्हणाले, ‘अरे, ही काय कांगा लीग चाललीये का?’ पुढे सूर्यकुमारचा झेल नेत्रावळकरच्याच हातातून सुटला आणि त्याने नाबाद पन्नास करून, दुबेला जोडीला घेऊन, १११चं टार्गेट गाठलं. जिंकलेही मुंबईकर, हरवता हरवता राहिले तेही मुंबईकर.

मॅच संपल्यावर मी विषय काढलाच. ‘बाबा, तुम्ही तेव्हा बॅग का टाकलीत माळ्यावर?’

ते बराच वेळ टीव्हीकडेच बघत होते. मग म्हणाले, ‘मी टाकली खरी. पण तू परत काढलीस का कधी? शिडी तर घरातच होती.’

काय बोलणार? खरं सांगायचं तर माझा इनस्विंग आंतरकॉलेजच्या तिसऱ्या राउंडपुढे कुणाला कळलाच नव्हता. कॉलेज टीममध्ये मी आठव्या-नवव्या नंबरचा माणूस. नेत्रावळकर सोडाच, त्याला नेट्समध्ये बॉल टाकायलाही मला कुणी बोलावलं नसतं. केटीचा निकाल लागला त्या संध्याकाळी मला जरा सुटल्यासारखंही वाटलं होतं, हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बाबांवर वीस वर्षं राग धरणं त्यापेक्षा सोपं होतं.

आई आतून ओरडली, ‘बॅग उतरवणार असाल तर आधी वरचे गणपतीचे मखराचे खोके खाली घ्या.’ घेतले. बॅग निघाली. पॅड्सना बुरशी, बॉलची शिवण उसवलेली. बुटांचे सोल हातातच आले. बाबांनी ते उलटेसुलटे करून पाहिले आणि म्हणाले, ‘दहा नंबर? तुला तर नऊ लागायचे ना?’

तेव्हा वाढत्या पायाचे म्हणून त्यांनीच एक नंबर मोठे घेतले होते.