चेन्नईचे वादळवेडे

दिवाळीचा फराळ डब्याच्या तळाला लागतो, तेव्हा आपल्याकडच्या छत्र्या आणि रेनकोट केव्हाच माळ्यावर गेलेले असतात. चेन्नईत मात्र छत्र्या तेव्हाच बाहेर निघतात. आपला जून ते सप्टेंबरचा पाऊस सह्याद्री ओलांडेपर्यंत बराचसा रिता होतो. तामिळनाडूच्या किनाऱ्याची खरी तहान भागते ती ऑक्टोबर ते डिसेंबरमधल्या ईशान्य मोसमी पावसावर. चेन्नईत वर्षाकाठी सुमारे १४० सेंटिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला निम्म्याहून अधिक या तीन महिन्यांत.

हा पाऊस लहरी असतो. बंगालच्या उपसागरात कमी दाबाचा पट्टा तयार होऊन किनाऱ्याकडे सरकला, तर दोन दिवसांत महिन्याचा पाऊस कोसळतो. पट्टा भरकटला, तर लख्ख ऊन! म्हणून या दिवसांत सारे शहर समुद्राकडे डोळे लावून बसलेले असते.

नोव्हेंबरात चेन्नईला गेलात, तर संध्याकाळी मरीनाच्या वाळूवर जरूर फेरी मारा. गरमागरम सुंडलचे विक्रेते, पतंग, घोडे, दीपगृह, सारे काही आपल्या चौपाटीसारखेच. पण या गर्दीत एखादा गृहस्थ असा दिसेल, ज्याचे लक्ष ना सुंडलकडे असते, ना लाटांकडे. तो बघत असतो ढग कुठल्या दिशेने धावताहेत ते. हा चेन्नईचा वादळवेडा!

गच्चीवरची वेधशाळा

हे हौशी लोक सगळ्या थरांत आहेत. कुणी बँकेत, कुणी सॉफ्टवेअर कंपनीत, कुणी कॉलेजात, तर कुणी निवृत्त. घराच्या गच्चीवर पर्जन्यमापक बसवलेला असतो आणि सकाळी साडेआठ वाजता त्यातले पाणी मोजून वहीत टिपले जाते. साडेआठच का? कारण आपले हवामान खातेही पावसाचा दिवस सकाळी साडेआठ ते साडेआठ असाच धरते. मग आपला आकडा सरकारी आकड्याशी ताडून पाहता येतो. एकाच शहरात एका पेठेत धो धो आणि दुसरीत शिंतडाही नाही, असे नेहमीच घडते. त्यामुळे गच्चीवरच्या या नोंदींना मोल असते.

चेन्नईला या छंदाची परंपराही आहे. आकाश न्याहाळण्यासाठी इथली मद्रास वेधशाळा १७९२ मध्येच उभी राहिली. नुंगमबाक्कमच्या हवामान केंद्राच्या आवारात तिचा ग्रॅनाइटचा खांब अजून पाहायला मिळतो. हौशी मंडळींत सर्वांत गाजलेले नाव प्रदीप जॉन यांचे. हवामानशास्त्राची पदवी नसलेला हा नोकरदार माणूस ‘तामिळनाडू वेदरमन’ म्हणून घरोघरी माहीत आहे. ‘उद्या मुलांची शाळा भरेल का?’ या प्रश्नाचे उत्तर गृहिणी त्यांच्याकडे शोधतात!

वाऱ्याकडे पाठ करा

पूर्वी या मंडळींजवळ वायुभारमापक आणि आकाशवाणी एवढेच असायचे. आता इन्सॅट उपग्रहाची छायाचित्रे, रडारची चित्रे आणि युरोप-अमेरिकेतल्या महासंगणकांनी काढलेले नकाशे मोबाइलवर येतात. पण जाणकार सांगतात, नकाशा दहा दिवसांनंतरचे वादळ दाखवतो, तेव्हा ते वादळ नव्हे, ती नुसती शक्यता असते. समुद्राचे पाणी साधारण २६-२७ अंशांहून उबदार हवे, वर आणि खाली वाहणाऱ्या वाऱ्यांची फार ओढाताण नको, हवेत दमटपणा हवा. यातले एक बिनसले, की ढगांचा गोळा विस्कटतो. गोल फिरणाऱ्या वाऱ्याचा वेग ताशी ६२ किलोमीटरपर्यंत गेला, तरच त्याला चक्रीवादळ म्हणायचे आणि नाव द्यायचे.

एक युक्ती मात्र कुणालाही जमेल. ती बाईज बॅलट या डच शास्त्रज्ञाने १८५७ मध्ये मांडली. वाऱ्याकडे पाठ करून उभे राहा. आपण उत्तर गोलार्धात असल्यामुळे कमी दाबाचे केंद्र तुमच्या डाव्या हाताला असते. चेन्नईत वारा ईशान्येकडून येत असेल, तर डावा हात आग्नेयेला, म्हणजे समुद्राकडे जातो. वादळ अजून तिथेच आहे! १२ डिसेंबर २०१६ रोजी ‘वरदा’ वादळाचा डोळाच शहरावरून गेला. आधी झाडे उन्मळून टाकणारा वारा, मग अचानक शांतता आणि त्यानंतर उलट्या दिशेने तेवढाच जोर. ‘संपले’ समजून लोक रस्त्यावर येऊ लागतात, ती हीच धोक्याची वेळ.

पुलावरच्या मोटारी

हा नुसता छंद असता, तर एवढा गाजावाजा झाला नसता. पण डिसेंबर २०१५ चा महापूर चेन्नई विसरलेली नाही. त्या महिन्याच्या पहिल्याच तारखेपासूनच्या २४ तासांत तांबरम भागात ४९ सेंटिमीटर पाऊस पडला, अड्यार नदी घरांत शिरली आणि अनेकांचे प्राण गेले. तेव्हापासून ढग दाटले, की पोटात गोळा येतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये अतिवृष्टीचा लाल इशारा निघाला, तेव्हा वेळचेरीच्या लोकांनी आपल्या मोटारी चक्क उड्डाणपुलावर नेऊन रांगेने लावल्या. १५ तारखेला पाऊस झाला, पण ज्या १६ तारखेची धास्ती होती, ती जवळजवळ कोरडीच गेली.

लोक हसले. पण पुढच्याच महिन्यात ‘फेंगल’ने सर्वांनाच चकवले. किनाऱ्यावर येईपर्यंत वादळाचे रूप घेणार नाही असे वाटत असतानाच २९ नोव्हेंबरला ते बळावले. दुसऱ्या दिवशी पुदुच्चेरीजवळ जमिनीवर आले आणि तिथेच तासन्‌तास ठाण मांडून बसले. पुदुच्चेरीत ४५ सेंटिमीटरहून अधिक पाऊस झाला. समुद्रापासून दूर असलेल्या तिरुवन्नामलैमध्ये दरड कोसळून सात जण दगावले. वादळ किनाऱ्याला लागले म्हणजे संकट टळले, असे नसते.

हौस आणि जबाबदारी

याच उपसागराच्या वरच्या टोकाला, कोलकात्यात, दीडशे-पावणेदोनशे वर्षांपूर्वी असाच एक वादळवेडा राहत होता. हेन्री पिडिंग्टन हा व्यापारी जहाजावरचा माजी कप्तान. जहाजांच्या नोंदवह्या गोळा करून तो वादळांचा माग काढी. ‘सायक्लोन’ हा शब्द त्याचाच, १८४८ चा. मातला नदीवर नवे बंदर बांधायचे ठरले, तेव्हा १८५३ मध्ये त्याने गव्हर्नर जनरलना पत्र लिहून बजावले, की वादळाची लाट हे बंदर बुडवील. कुणी ऐकले नाही. १८६७ मध्ये ते भाकीत खरे ठरले, पण ते पाहायला पिडिंग्टन हयात नव्हता. आपले सरकारी हवामान खाते स्थापन झाले तेच मुळी १८७५ मध्ये.

म्हणून हौशी माणसाचा शब्द हसण्यावारी नेऊ नये. पण आज त्याच्या शब्दावर होडी मात्र लोटू नये. मच्छीमाराने समुद्रात जावे की नाही, हे सांगण्याचा अधिकार आणि जबाबदारी हवामान खात्याची. चांगला हौशी निरीक्षक स्वतःच तसे बजावतो. तो खात्याचा इशारा आपल्या पेठेच्या भाषेत समजावून देतो, जुनी छायाचित्रे पाठवून घबराट पसरवणाऱ्यांना गप्प करतो आणि ‘अजून नक्की सांगता येत नाही’ असे म्हणायला लाजत नाही.

कोकणातल्या वाचकांना हे वेगळे सांगायला नको. ३ जून २०२० च्या ‘निसर्ग’ वादळात रायगडच्या नारळी-पोफळीच्या वाड्या त्यांनी भुईसपाट झालेल्या पाहिल्या आहेत. बंदरावर लागणारा तीन नंबरचा बावटाही त्यांच्या ओळखीचा. हे बावटे एकापासून अकरापर्यंत असतात. दहावा सर्वांत मोठ्या धोक्याचा. आणि अकरावा? हवामान केंद्राशी संपर्कच तुटला, तर तो लागतो. तेव्हा पुढे काय येते आहे, हे किनाऱ्यावरच्या माणसाने स्वतःच आभाळ पाहून ताडायचे असते. त्या वेळी वाऱ्याकडे पाठ करून उभे राहणारा एक तरी शहाणा गावात असलेला बरा.