चार केबल आणि एक शब्द

गेले तीन शनिवार सर्व्हर रूममध्ये गेले. बाहेर पुण्याचं ऊन आणि आत मी स्वेटर घालून! आमच्या टीमच्या लाखो छोट्या छोट्या फायली एकाच एनएफएस सर्व्हरवर. सकाळी सगळे कामाला लागले की फोल्डर उघडेपर्यंत चहा पिऊन होतो. मॅनेजर म्हणाला, "क्लस्टर करू, प्लॅन तूच दे."

मी लगेच गणित मांडलं. एक गिगाबिट म्हणजे सेकंदाला 125 मेगाबाइट, हातात पडतात 110-115. चार केबल एकत्र बांधल्या की चौपट. सोप्पं! बांधल्या, कॉपी लावली... 112. कारण एक कनेक्शन एकाच केबलवरून जातं. चौघं एकदम आले तर फायदा, एकट्याला काही नाही. (नेटवर्क्सला बरे मार्क होते हो मला!)

शिवाय दुखणं केबलमध्ये नव्हतंच. साधी 7200 आरपीएमची हार्ड डिस्क इकडून तिकडून तुकडे वाचायला लागली की सेकंदाला जेमतेम शंभरेक वेळा उडी मारते. तिथे केबल कितीही जाड असून काय उपयोग?

मग मी एक शॉर्टकट मारला. एक्सपोर्टमधल्या 'सिंक'चं 'असिंक' केलं. 'सिंक'मध्ये डेटा डिस्कवर पोचल्याशिवाय सर्व्हर 'झालं' म्हणत नाही. 'असिंक'मध्ये मेमरीत घेऊनच म्हणून टाकतो. वेग असा वाढला की कौतुकाचा मेल आला. धोका मला माहीत होता. पण यूपीएस आहे ना!

गुरुवारी लाइट गेले. यूपीएसची बॅटरी मेलेली. टीममधल्या एका नव्या मुलीच्या शेवटच्या चाळीसेक फायली शून्य बाइटच्या निघाल्या, आणि तिच्या स्क्रिप्टने 'पोचल्या' समजून लॅपटॉपवरच्या मूळ प्रती पुसलेल्या. मीटिंगमध्ये सगळे तिच्याच स्क्रिप्टवर घसरले. ती बिचारी "सर्व्हरने ओके दिलं होतं" एवढंच म्हणत राहिली. मी पाच मिनिटं गप्प बसलो. पाच मिनिटं फार असतात राव. मग सांगितलं.

असो. परत 'सिंक' केलंय. नव्या प्लॅनमध्ये फायलींची नावं-पत्ते सांभाळायला वेगळा मेटाडेटा सर्व्हर आहे (लस्टरमध्ये असतो तसा), लाइट गेले तरी हातातलं लिहून पूर्ण करणारे एसएसडी आहेत, आणि चार केबलऐवजी 10 गिगाबिटची एक. सगळ्यात वरची ओळ मात्र यूपीएसच्या बॅटरीची. मॅनेजरने नेमकी तीच खोडलीय, बजेट नाही म्हणे. सोमवारी परत भांडायचंय.